ओव्हनच्या काचेतले पदर

फत्तेसिंगरावांना घोड्याच्या पाठीवरून उतरून सहा वर्षं झाली, तरी चालताना त्यांचे पाय अजून मध्ये घोडा असल्यासारखे पडतात. म्हैसूरच्या विजयनगरात, थर्ड स्टेज नावाच्या भागात, लोक त्यांना ओळखतात ते त्या चालीवरून आणि मिशांवरून. पोलिसांच्या घोडदळात त्यांची एकतीस वर्षं गेली. आजोबांचे आजोबा म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते असं घरात सांगतात. कुठल्या लढाईत, ते कुणाला ठाऊक नाही, पण घोड्यावर होते एवढं नक्की. भिंतीवर तलवार नाही की तसबीर नाही. उरलं ते एवढंच की घरात मराठी बोलतात, मध्येच कानडीत शिरतात, पुन्हा मराठीत येतात, आणि त्यांचं त्यांनाही ते कळत नाही.

त्यांच्या हातांना पुष्कळ येत असे. नाल ढिला झाला तर ते टापेच्या आवाजावरून सांगत. बुजलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवून ते त्याचा श्वास खाली आणत. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढ्या काळात स्वयंपाकघरात त्यांनी पाण्याचा तांब्या भरून घेतला असेल, दुसरं काही नाही. ते राज्य जयलक्ष्मीबाईंचं होतं.

आणि त्या राज्याचं नाव चिरोट्यांनी झालं होतं. म्हैसूरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की कार्यालय धरायच्या आधी लोक जयलक्ष्मीबाईंना विचारून घेत. मोहन घालून मैदा भिजवायचा, ओल्या फडक्याखाली दोन तास मुरवायचा, पातळ पोळ्या लाटून त्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा फासायचा, एकावर एक ठेवून गुंडाळी करायची, बोटभर तुकडे कापून हलक्या हातानं लाटायचे, मग तळायचे. कढईत चिरोटा उमलला की त्या झाऱ्यानं उचलून उजेडात धरत आणि पदर मोजत. बारा हवेत. अकरा निघाले तर तो घरच्यांना, पंगतीला नाही.

ही बाई जानेवारीत एका सोमवारी नंजनगूडला देवदर्शनाला गेली आणि नदीच्या पायऱ्यांवर पाय धुताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूचा गोळा बसवला, दुसऱ्याच दिवशी नर्सनं वॉकर हातात देऊन उभं केलं आणि त्या चार पावलं चालल्याही. मग घरी आणलं. आठव्या दिवशी न्हाणीघराच्या दारात वॉकरचा एक पाय ओल्या फरशीवर सरकला. पडल्या नाहीत, सून यशस्विनी मागेच होती, तिनं धरलं. पण त्या दिवशी पलंगावर बसल्या त्या बसल्याच. जेवण पलंगावर आलं. शौचाची खुर्ची पलंगाशेजारी आली. कुणी चालायचं नाव काढलं की त्या म्हणत, "आज बेडा, नको. उद्या बघू." तो उद्या मार्च उजाडला तरी आला नव्हता.

व्यायाम करून घ्यायला पावनी नावाची मुलगी एक दिवसाआड येई. तीही इथल्याच मराठी घरातली, पण मराठी शब्द थोडे, म्हणून जिथं अडेल तिथं कानडी नाहीतर इंग्रजी घाली. एका सकाळी फाटकापाशी चपला घालताना ती थांबली.

"अंकल, आजींचं हाड सगळं सरी आहे, ठीक आहे. एक्स-रे मी पाहिला. पाय रेडी आहे. आजी रेडी नाहीत."

"मग?"

"मग काय. बसून बसून पायातली शक्ती रोज थोडी थोडी जाते. अजून तीन-चार आठवडे अशाच बसल्या, तर नंतर मन झालं तरी पाय उचलणार नाही. भीती घालत नाही मी. कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून सांगते."

ती स्कूटर सुरू करून निघून गेली. फत्तेसिंगराव फाटकाला धरून तसेच उभे राहिले. आपली बायको आता त्या पलंगावरच म्हातारी होणार, हे त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं.

दिवसभर ते विचार करत बसले. आणि त्यांना जो विचार येऊ शकत होता तोच आला.

घोडदळात पारिजात नावाची एक पांढरी घोडी होती. सरावाच्या वेळी ओल्या डांबरावर घसरून पडली. लागलं फारसं नाही, पण त्यानंतर तबेल्याच्या दाराबाहेर पाऊल टाकीना. ओढून पाहिलं, चुचकारून पाहिलं. तेव्हा दत्तोजीराव नावाचे जुने स्वार होते, ते म्हणाले, दोरी सोड. भिजवलेल्या हरभऱ्याची बादली दाराबाहेर ठेव, तिच्याकडे पाठ कर आणि बस. भ्यालेल्या जनावराला आपल्याकडे कुणी बघतंय हे सोसत नाही. चौथ्या दिवशी पारिजात आपल्या पायांनी बादलीपाशी आली.

पलंगापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत अठरा पावलं होती. फत्तेसिंगरावांनी ती संध्याकाळी मोजली. आता बादलीत काय घालायचं, एवढंच ठरवायचं राहिलं.

"जया," त्यांनी विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय?"

"काही नाही."

"काहीतरी असेल की."

"चिरोटे," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "पण ते करणार कोण? सुम्ने, उगाच विचारायचं म्हणून विचारू नका."

मुलगा रक्षित आणि यशस्विनी बेंगळूरला नोकरीला. रजा संपून परत जाताना तिनं सासऱ्यांसाठी फ्रीजरचा कप्पा गच्च भरून ठेवला होता. सकाळी स्वयंपाकाची बाई भात, हुळी म्हणजे आंबट वरण, नि पल्या म्हणजे सुकी भाजी करून जाई, म्हणून त्या कप्प्याला कुणी हातच लावला नव्हता. फत्तेसिंगरावांनी उघडला. मटार, पराठे, आणि तळाशी पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांवर एका खुसखुशीत पफचं चित्र. पफ म्हणजे बेकरीतला, कागदात गुंडाळून मिळणारा. त्याचे पदर त्यांना चिरोट्यासारखे दिसले. त्यांनी सुनेला फोन लावला.

"मामा, ते पफ पेस्ट्रीचं शीट आहे," यशस्विनी म्हणाली. ती सासऱ्यांना मामा म्हणते, सासूला अत्ते. "पीठ, लोणी, घड्या, सगळं त्यांनी करूनच दिलंय. आपण फक्त कापायचं, भरायचं, भाजायचं. अंडं पण नाही त्यात. तुम्ही करणार?"

"का? मी करू नये?"

"करा की. एक लक्षात ठेवा. ते थंडच राहायला हवं. फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा चार-पाच तास. बाहेर नाही. ऊब लागली की आतलं लोणी वितळतं आणि संपलं सगळं."

फत्तेसिंगरावांनी मान हलवली. फोनवर मान हलवून उपयोग नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीट बाहेर आलं. पण घराच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात बोललेलं ऐकू जातं, आणि पलंगावरून लगेच विचारणा झाली.

"काय करताय?"

"चिरोटे."

"कशाचे?"

त्यांनी शीट ताटात घालून नेऊन दाखवलं. जयलक्ष्मीबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. "हे दगडासारखं गार आहे. अशा पिठाला हात लावतात का? ओल्या फडक्याखाली ठेवा. दोन तास. खिडकीत ठेवा, ऊन आहे तिथं. मऊ झालं की साटा फासा, त्याशिवाय पदर सुटत नाहीत."

"यशस्विनी म्हणाली की थंडच..."

"यशस्विनीनं आयुष्यात एक तरी चिरोटा लाटलाय का?"

चौतीस वर्षांची सवय. फत्तेसिंगरावांनी फडकं ओलं केलं. मार्चचं ऊन खिडकीत चांगलंच उतरलं होतं. दोन तासांनी फडकं उचललं तेव्हा शीट ताटाला चिकटून तुपकट, ओघळल्यासारखं झालं होतं. त्यांनी त्यावर हुकमाप्रमाणे साटाही फासला, कशीबशी गुंडाळी केली, तुकडे केले आणि यशस्विनीनंच कधीतरी आणलेल्या छोट्या ओव्हनमध्ये सारले. अर्ध्या तासानं ट्रेमध्ये तूप साचलं होतं आणि त्या तुपात तपकिरी, कडक, बसक्या गोळ्या होत्या. एकही पदर नव्हता.

त्यांनी ताट पलंगापाशी नेलं. जयलक्ष्मीबाईंनी एक तुकडा उचलला, उलटा केला, कानाशी नेऊन वाजवला.

"याला नाल म्हणून ठोकता येईल," त्या म्हणाल्या.

आणि हसल्या. नंजनगूडहून आल्यापासून पहिल्यांदा. फत्तेसिंगरावांना वाटलं, आता उठतील. पण त्यांनी तो तुकडा ताटात ठेवला, चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. "माझी चूक," त्या भिंतीला म्हणाल्या. "मला वाटलं पीठ म्हणजे पीठ. आता हातातलं तेवढं पण गेलं माझ्या."

ते वाक्य फत्तेसिंगरावांना रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी त्यांनी उरलेली दोन्ही खोकी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाहीत. स्वयंपाकाच्या बाईनं बटाट्याची पल्या केली होती, मोहरी-कढीलिंबाची, पिवळीधमक. तीही वाटीत काढून फ्रीजमध्ये गेली, कारण गरम सारण घातलं तर तोच घोळ, एवढं आता त्यांना कळलं होतं. चार वाजता ओव्हन दोनशेवर लावला. तो तापेपर्यंत एक शीट काढलं. थंड होतं, पण वाकत होतं, चांगल्या कातड्याच्या पट्ट्यासारखं. सुरी त्यांनी आधी दगडावर घासून घेतली. चौकोन पाडले. मध्ये चमचाभर पल्या, कडेला पाण्याचं बोट, दुमडून त्रिकोण, कडा अंगठ्यानं दाबल्या, वरून दुधाचा हात. सहा त्रिकोण ट्रेमध्ये बसले. ट्रे आत गेला. दार लागलं.

मग त्यांनी स्टूल ओढलं, ओव्हनसमोर मांडलं, पलंगाच्या खोलीकडे पाठ केली आणि बसले. दोन्ही दारं समोरासमोर होती, त्यामुळे त्यांची पाठ पलंगावरून दिसत होती.

पाच मिनिटं गेली. भाजक्या लोण्याचा वास आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत, मग आत जाऊन पोचला.

"अहो."

"हं."

"पाठ करून का बसलात?"

"ओव्हन बघतोय."

"मला सगळं कळतं," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "ती बादलीची गोष्ट तुम्ही लग्नात माझ्या माहेरच्या माणसांना सांगितलीत, रक्षितच्या बारशाला सांगितलीत, त्याच्या लग्नात व्याह्यांना सांगितलीत. मी काय तुमची पारिजात?"

फत्तेसिंगरावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. युक्ती उघडी पडली होती आणि दुसरी त्यांच्याकडे नव्हती. वळून बघावं की न बघावं, हेही त्यांना कळेना. म्हणून ते काचेतच बघत राहिले. आत पिवळ्या दिव्याखाली त्रिकोण जरा जरा उचलत होते, झोपलेल्या जनावराची कूस वर यावी तसे.

"फुगतायत," ते म्हणाले. कुणाला सांगावं म्हणून नाही, दिसलं म्हणून.

"काय फुगतायत?"

"पफ. पदर सुटतायत."

"साट्याशिवाय?"

"साट्याशिवाय."

पलंगावर हालचाल झाली. "खोटं."

"काचेतून दिसतंय मला."

"किती सुटले?"

"बरेच."

"बरेच म्हणजे किती?"

"आता काचेतून कसं सांगू? दहा असतील. वीस असतील."

"दहा नि वीस एकच का? मोजा की नीट. कडेनं बघा, वरून नको."

त्यांनी डोळे बारीक केले. चष्म्यावर वाफ आली. "एका बाजूनं उचललंय, दुसऱ्या बाजूनं दबलंय," ते म्हणाले. "तिरकं झालंय."

"सगळे तिरके, की एकच?"

"दोन. नाही, तीन."

"दबलेली बाजू दुमडीची, की कापलेली?"

"ते कसं कळायचं?"

"देवा," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "कापल्या कडेला बोट लावलंत की काय तुम्ही? कापलेली कड मोकळी पाहिजे. चिरोट्याचं पण तेच. तिथं बोट लागलं की पदर एकमेकांना धरतात. दाबायचं तर आतून दाबायचं, जरा मागे. अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय."

"काय दिसतंय आता?"

"लाल होतायत."

"लाल म्हणजे कसले लाल?"

फत्तेसिंगरावांच्या लेखी लाल तो लाल. त्यांनी बरंच आठवून पाहिलं. "आमच्या घोडदळातल्या त्या बदामी घोड्यासारखे," शेवटी म्हणाले.

थोड्या वेळानं धातू फरशीवर टेकल्याचा आवाज आला. एकदा. मग बराच वेळ काही नाही.

मग पुन्हा एकदा.

फत्तेसिंगरावांच्या पाठीचा कणा ताठ झाला. वॉकर पुढे टेकतो, मग एक पाय येतो, मग दुसरा. आवाज तीन. ठक, आणि दोनदा सपातेची फरफट. त्यांनी गुडघ्यांवर हात घट्ट दाबले. वळले तर ती थांबेल. धावले तर ती बसेल. ओव्हनची टिकटिक चालली होती आणि तिच्या मागे तो आवाज येत होता, थांबत होता, येत होता. उंबऱ्याशी तो इतका वेळ थांबला की त्यांनी मनातल्या मनात नंजनगूडच्या देवाचं नाव घेतलं. श्वासाची धाप ऐकू येत होती. मग वॉकर उचलला गेला, उंबऱ्याच्या अलीकडे टेकला.

"सरका बाजूला," त्यांच्या डोक्यावरून आवाज आला. "दिसत नाही."

ते स्टूलासकट सरकले. जयलक्ष्मीबाई दोन्ही हातांनी वॉकर धरून, किंचित वाकून काचेत बघत होत्या. कपाळावर घाम होता, पदर खांद्यावरून घसरला होता, केस विस्कटले होते. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. त्या नवापर्यंत गेल्या, चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

"मोजता येत नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "अय्यो, फार आहेत हो."

फत्तेसिंगराव उठून त्यांच्यासाठी जागा करणार होते. पण ते स्टूलावर तसेच बसून राहिले आणि मिशांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले.

"तुम्हाला काय झालं?"

"काही नाही. वास लोण्याचा. डोळ्यांत गेला."

त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि विषय वाढवला नाही. "काढा आता ट्रे. बदामी घोडा झालाय."

पफ जयलक्ष्मीबाईंनी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. फुंकर मारत, एका हातानं वॉकर धरून, दुसऱ्या हातावर पापुद्रे सांडत. एक खाल्ला. मग काही न बोलता दुसरा उचलला. कितीतरी आठवड्यांत त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा कशाला हात घातला नव्हता.

"अजून एक शीट आहे ना? फ्रीजमध्येच ठेवलंय?"

"फ्रीजमध्येच."

"काढा. आणि मी सांगते तसं करा. साटा नको. पिठीसाखर नि वेलची पसरा नुसती. आता गुंडाळी. घट्ट नको हो, खोगीर नाही बांधायचंय. बोटभर तुकडे. आडवे ठेवून तळव्यानं जरासेच दाबा. कडेला बोट..."

"लावायचं नाही."

"कळलं म्हणायचं."

मधूनच त्या स्टूलावर बसल्या, पण चार मिनिटांनी पुन्हा उभ्या राहिल्या, कारण बसून काच दिसत नव्हती. गुंडाळीचे तुकडे आत फुलाच्या कळीसारखे सुटले. कढईतल्या चिरोट्याइतके नाजूक नव्हते, हे त्या लगेच म्हणाल्या. पंगतीला वाढण्यासारखे नव्हते, हेही म्हणाल्या. पण चिरोट्यावर बदामाचं दूध लागतं, ते इथंच तापवू, म्हणून त्यांनी पातेलं मागितलं आणि स्वतः गॅस पेटवला.

फत्तेसिंगराव बाहेरच्या खोलीत आले आणि त्यांनी फोन लावला. यशस्विनीनं उचलला.

"मामा, काय झालं? अत्तेना बरं आहे ना?"

त्यांना बरंच सांगायचं होतं. "ती शीटं," ते म्हणाले, "संपली. आणखी कुठं मिळतात, म्हैसुरात?"

"तिन्ही खोकी संपली? अत्तेनी खाल्लं?"

"खाल्लं. शेवटचं तिनंच करून घेतलं माझ्याकडून. उभं राहून."

यशस्विनीचा आवाज एकदम लहान झाला. "उभं राहून? कुठं?"

"ओट्यापाशी. आपल्या आपण आली. मी हात लावला नाही."

"मामा," ती एवढंच म्हणाली. मागून रक्षित काय झालं, काय झालं, म्हणून विचारत होता. फत्तेसिंगराव फोन कानाला लावून उभे राहिले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीतून श्वास पूर्ण खाली गेला आणि पूर्ण वर आला.

"फोनवर काय बसलात," स्वयंपाकघरातून हाक आली. "माझ्यानं पातेलं उचलवत नाही. दूध वर येतंय, या की लवकर."

ते फोन तसाच चालू ठेवून आत धावले.